कारखानीस साहेबांचं निरोगी हृदय

कारखानीस साहेब गेल्याची बातमी मला पुण्यात उशिराच कळली. नोएडातल्या आमच्या जुन्या सोसायटीतल्या एका बाईंचा सहज फोन आला होता, बोलता बोलता त्यांनी सांगितलं. झोपेत गेले, पंच्याऐंशी उलटली होती. शेवटी त्या कौतुकाने म्हणाल्या की डॉक्टरसुद्धा म्हणत होते, एवढ्या वयात हार्ट अगदी ठणठणीत. मी "अच्छा" म्हणून फोन ठेवला. गेलेल्या माणसाबद्दल दोन बरे शब्द आठवून पाहावेत म्हणून चहा घेऊन खिडकीत बसले. चहा संपला, शब्द काही सापडले नाहीत. जे सापडलं ते लिहिते आहे, आणि ते बरं नाही हे आधीच सांगते.

आम्ही नोएडाला गेलो तेव्हा देशात नव्या आर्थिक धोरणाचं वारं होतं, बाजारात रोज काहीतरी नवं येत होतं, आणि दिल्लीत घर न परवडणारे सगळे यमुनेपलीकडे उत्तर प्रदेशातल्या नंबर लावलेल्या सेक्टरांमध्ये राहायला येत होते. मला नोएडातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली म्हणून मी आणि माझा नवरा पुण्याहून तिथे गेलो. सोसायटी केंद्र सरकारातल्या मराठी कर्मचाऱ्यांनी मिळून बांधलेली, आम्ही त्यात भाडेकरू. समोर मोहरीचं शेत, शेतात म्हशी आणि शेतापलीकडे काचेची ऑफिसं उभी राहत होती. तिसऱ्या मजल्यावर आमच्या दारासमोरचं दार कारखानीसांचं. पितळी पाटीवर नाव, नावाखाली "अवर सचिव, भारत सरकार" आणि त्याखाली, डोळे बारीक केले तर दिसेल अशा अक्षरात, "निवृत्त".

साहेबांची सगळी नोकरी दिल्लीत सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये गेली होती. निवृत्तीनंतर ते नोएडाला आले खरे, पण आपण नोएडाला राहतो हे त्यांनी कधी कबूल केलं नाही. कुणी पत्ता विचारला की ते "दिल्ली" म्हणत. रेशन कार्ड, बँकेचं खातं, सरकारी दवाखान्याचं कार्ड, सगळं अजून सरोजिनी नगरमधल्या एका जुन्या सहकाऱ्याच्या पत्त्यावर होतं. सोसायटीतल्या बाकी सगळ्या पेन्शनरांनी आपापली कार्डं जवळच्या दवाखान्यात बदलून घेतली होती. साहेबांना कुणी तसं सुचवलं की त्यांचा चेहरा आंबट व्हायचा. "यू.पी.चा रहिवासी म्हणून सही करू? बिल्कुल नाही," असं ते म्हणत आणि स्वतःच्या जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणायला दोन बस बदलून सरोजिनी नगरला जात. आम्ही त्यावर हसायचो. तेव्हा ते हसण्यासारखंच वाटत होतं.

हृदयाचं प्रकरण सुरू झालं निवृत्तीच्या सुमाराला. त्यांच्याच वयाचे, त्यांच्याच मंत्रालयातले एक गृहस्थ ऑफिसला नेणाऱ्या चार्टर्ड बसची वाट बघता बघता खाली बसले ते उठलेच नाहीत. कारखानीस रांगेत त्यांच्या मागे उभे होते. माणूस घाबरणारच. पण साहेब घाबरले ते फक्त स्वतःपुरते. आमच्या सेक्टरला लागून तेव्हा एक खासगी इस्पितळ नवीनच उघडलं होतं, संगमरवरी फरशी, दारात सलाम ठोकणारा दरवान, आणि आत "एक्झिक्युटिव्ह चेक-अप" नावाची नवी चीज. साहेबांनी ती करून घेतली. फिरत्या पट्ट्यावर चालले, रक्त दिलं, छातीला वायरी लावून घेतल्या, आणि सगळं उत्तम निघालं. हृदयाच्या आलेखाची लांब पट्टी त्यांनी जपून ठेवली होती. घरी कुणी आलं की ती टीपॉयवर उलगडली जायची. लोकांना ती लग्नाच्या अल्बमसारखी बघावी लागायची, आणि मधून मधून "वा" म्हणावं लागायचं.

त्या वेळी सुमनकाकू चहाचा ट्रे हातात धरून उभ्या असायच्या, कारण टीपॉयवर जागा नसायची. काकू म्हणजे साहेबांची बायको. ठेंगण्या, अंगाने भरलेल्या, हसताना तोंडावर हात ठेवणाऱ्या. मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले तेव्हा त्यांनी मला विचारलं की पुण्यात आता कोणत्या फुलांचे गजरे मिळतात, आणि मी उत्तर देईपर्यंत साहेबांनी मला विचारलं की माझ्या नवऱ्याचं कोलेस्टेरॉल किती आहे. काकूंचा प्रश्न तसाच राहिला. सरोजिनी नगरला त्यांचं घर तळमजल्यावर होतं, मागे अंगण, कुंपणापलीकडे मैत्रिणी. इथे तिसरा मजला आणि दिवसातून कितीदा तरी जाणारी वीज. वीज गेली की लिफ्ट बंद, आणि भाजीच्या पिशव्या घेऊन काकू जिन्यावर.

साहेबांच्या जेवणाला तर घरात सरकारी कामाचा दर्जा होता. बाजारात तेव्हा डब्यावर हृदयाचं चित्र काढलेलं तेल आलं होतं. साहेबांच्या भाजीत ते चमच्याने मोजून पडायचं, आणि मोजायला साहेब स्वतः स्वयंपाकघराच्या दारात उभे राहायचे. मीठ कमी, साय नाही, अंड्यातलं पिवळं नाही. चांगली गोष्ट आहे, करावी माणसाने. पण घर म्हटलं की सणवार असतात, भोपाळहून लेक आणि नातवंडं येतात, तळण होतं. साहेबांच्या दुधावरची साय साठवून काकू तूप कढवायच्या. ते तूप साहेब खाणार नाहीत, टाकून द्यायचं तर जीव होत नाही, मग काकू ते भातावर घ्यायच्या. अंड्यातलं पांढरं साहेबांना, पिवळं काकूंना. मुलांनी टाकलेली पुरी, तळाशी उरलेली भजी, सगळं काकूंच्या ताटात. साहेबांनी घरातलं सगळं कोलेस्टेरॉल रीतसर बायकोच्या नावावर वर्ग करून दिलं होतं. मी हे एकदा हसत हसत त्यांना बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, बायकांना या बाबतीत निसर्गाचं संरक्षण असतं. पन्नाशीच्या आसपास, पाळी गेली की ते संरक्षण ओसरतं, हे बहुधा इस्पितळाने दिलेल्या माहितीपत्रकाच्या मागच्या पानावर असावं आणि पान उलटायला ते विसरले असावेत. काकू तेव्हा साठीला आल्या होत्या.

सकाळी साहेब पांढरेशुभ्र बूट घालून सेक्टरच्या बागेत फेऱ्या मारायला जात. त्या वेळी नळाला पाणी यायचं, म्हणून काकू पाणी भरत. मग दुधाच्या बूथवर जाऊन येत, मग साहेब परत यायच्या आत लसूण सोलून कोमट पाण्याबरोबर टेबलावर ठेवत. काकू का फिरायला येत नाहीत असं मी विचारलं तर साहेब म्हणाले की बायकांचा व्यायाम घरकामात आपोआप होतो. माझा नवरा म्हणाला, मग काका, तुम्हीही घरीच करा की व्यायाम. साहेब मनापासून हसले. त्यांना तो विनोद वाटला.

फेऱ्या झाल्या की बागेतल्या बाकावर साहेबांचा दरबार भरायचा. भोवती सगळे निवृत्त लोक, निम्मे मराठी, निम्मे पंजाबी. साहेब हिंदीत सांगत की हार्टचं दुखणं ओळखणं अगदी सोपं आहे. छातीच्या डाव्या बाजूला, कुणी वर बसल्यासारखं, आणि तिथून डाव्या हातात उतरणारं. एवढं असेल तर हार्ट, बाकी सब गॅस है. कुणी म्हणायचं, मला मधोमध जळजळ होते. साहेब विचार करून सांगायचे, गॅस. कुणी म्हणायचं, चढ चढला की गळ्याशी आवळल्यासारखं होतं. गॅस. ही माणसं आयुष्यभर फायली पुढे सरकवून आलेली, त्यांना असा झटपट निकाल देणारा अधिकारी फार आवडला. त्यांच्यापैकी कुणाचं काय झालं मला माहीत नाही. मी त्या बाकाजवळून जाताना चालण्याचा वेग वाढवत असे, आणि तेवढाच माझा व्यायाम व्हायचा.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात काकू जिन्यात थांबायला लागल्या. आधी दुसऱ्या मजल्यावर, मग पहिल्या. पिशवी खाली ठेवून कठड्याला हात लावून उभ्या राहायच्या आणि कुणी खाली येताना दिसलं की पदर सारखा करून चालू लागायच्या. मी विचारलं की त्या म्हणायच्या, वय झालं गं रेवती, आणि हा जिना मेला उंच आहे. रात्रभर झोपूनही अंगात त्राण नसतं असं एकदा म्हणाल्या. मी म्हटलं, दाखवून या ना. तर म्हणाल्या, दाखवायचं म्हणजे सरोजिनी नगर, आणि तिथे हे घेऊन जाणार, यांचं मंगळवारचं बागेतलं व्याख्यान असतं. दवाखान्याच्या कार्डावर दोघांचं नाव होतं. साहेब दर पंधरवड्याला तिथे जात होते. काकूंना एकदा सोबत नेऊन रक्तदाब बघून घ्यावा, बोटाला सुई टोचून साखर बघून घ्यावी, हे त्या हृदयतज्ज्ञाला सुचलं नाही.

मग काकूंचा जबडा दुखायला लागला. चढताना दुखायचा, बसलं की थांबायचा. चालल्यावर दुखणारा आणि बसल्यावर थांबणारा दात जगात असतो का? पण साहेबांनी विचारलं, "डावीकडे छातीत आहे का?" काकू म्हणाल्या, छातीत नाही, दाढेपाशी आहे. झालं, निकाल लागला. सेक्टरच्या मार्केटमध्ये दातांचा डॉक्टर होता, तिकडे त्यांना नेलं. तिथे जिना नव्हता, काकू खुर्चीत आरामात बसल्या होत्या, त्यामुळे तिथे काही दुखलंही नाही. पण मागची एक दाढ किडलेली निघाली, ती काढून टाकली. गाल सुजवून काकू घरी आल्या आणि साहेबांनी मला दारातच सांगितलं, "बघ, मूळ कारण सापडलं की इलाज सोपा असतो." आठवड्याने पिशवी घेऊन काकू पुन्हा पहिल्या मजल्यावर उभ्या होत्या. दाढ नव्हती, दुखणं होतं. या वेळी त्यांनी ते साहेबांना सांगितलं नाही.

पुढचं घडलं तेव्हा मी ऑफिसात होते. मला ते नंतर काकूंकडून कळलं आणि त्याहून तपशीलवार साहेबांकडून, कारण त्यांना त्यात लपवण्यासारखं काही वाटतच नव्हतं. सकाळचा नाश्ता करताना काकूंना दरदरून घाम फुटला. पाठीत दोन्ही खांद्यांच्या मध्ये कळ, जबडा आवळलेला, मळमळ. त्या गॅस बंद करून ओट्यापाशी जमिनीवर बसल्या. साहेबांनी पाहिलं आणि त्यांच्या लक्षात आलं की हे दाढेचं नाही. एवढं श्रेय मी त्यांना देते. ते घाबरले. पण घाबरलेल्या अवर सचिवाने जे केलं ते फक्त अवर सचिवच करू शकतो. त्यांनी नियमांचं पुस्तक काढलं.

नियम असा होता की सरकारी कार्डावर बाहेरच्या इस्पितळात जायचं तर आधी आपल्या दवाखान्याची चिठ्ठी लागते, पण तातडीच्या वेळी लागत नाही. हे साहेबांना पाठ होतं. त्यांनी मला नंतर समजावून सांगितलं की प्रश्न नियमाचा नव्हताच. "रेवती, इमर्जन्सी आहे हे ठरवणार कोण? मी नाही ठरवू शकत. ते सक्षम अधिकाऱ्याने ठरवायचं असतं, आणि आमचा सक्षम अधिकारी सरोजिनी नगरला बसतो." म्हणून त्यांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, फाइल घेतली, काकूंना हात धरून तिसऱ्या मजल्यावरून जिन्याने खाली आणलं, कारण वीज गेलेली होती, आणि टॅक्सी बोलावली.

टॅक्सी त्या नव्या इस्पितळासमोरूनच गेली. दुसरा रस्ताच नव्हता. काकूंनी मला सांगितलं की त्यांना काचेतून तो दरवान दिसला, आणि त्यांना वाटलं की गाडी आत वळणार. "मग वळली नाही," एवढंच त्या म्हणाल्या. त्यानंतर निजामुद्दीनच्या पुलावर गाड्यांची रांग लागलेली. आमच्या घरापासून ते इस्पितळ फर्लांगभर होतं, आणि ज्या हृदयाला काही नव्हतं ते तिथे पट्ट्यावर चालवून, वायरी लावून तपासून घेतलेलं होतं. ज्याला खरोखर गरज होती ते यमुना ओलांडून चिठ्ठी आणायला निघालं होतं. त्या पुलावर गेलेल्या वेळाबद्दल मी साहेबांना कधी माफ केलं नाही आणि करणारही नाही.

सरोजिनी नगरला पोचल्यावर साहेब रांगेत उभे राहिले. रांग मोडली नाही हेही त्यांनी मला अभिमानाने सांगितलं. काकू टॅक्सीत काचेला गाल टेकून बसलेल्या होत्या. रांगेतल्या बायकांनी ते पाहिलं आणि आत जाऊन गलका केला. तिथल्या डॉक्टर बाई तशाच बाहेर आल्या, काकूंची नाडी पाहिली, एक गोळी चावायला दिली आणि साहेबांना म्हणाल्या, "आप इन्हें यहाँ क्यों लाए?" साहेबांनी फाइल पुढे केली. बाईंनी ती घेतलीच नाही. त्या टॅक्सीत पुढच्या सीटवर बसल्या आणि काकूंना घेऊन मोठ्या इस्पितळात गेल्या. साहेब मागे राहिले. थोड्या वेळाने रिक्षा करून ते तिथे पोचले तेव्हा त्यांच्या हातात चिठ्ठी होती, सहीशिक्क्यासकट.

संध्याकाळी मी गेले तेव्हा साहेब अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर फाइल मांडीवर घेऊन बसले होते. आतले कागद पुन्हा पुन्हा मोजत होते. मला बघून म्हणाले, "एकही कागद कमी पडला नाही." भीती वाटली की माणूस आपल्याला जे येतं तेच करत सुटतो, हे मला समजतं. समजलं म्हणून तिटकारा कमी होत नाही. मी त्यांच्या शेजारी बसले नाही, समोरच्या भिंतीला टेकून उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी वॉर्डातल्या डॉक्टरांनी आम्हाला दोघांना सांगितलं. काकूंची साखर भरपूर वाढलेली होती, रक्तदाब वाढलेला होता, आणि दोन्ही कितीतरी वर्षांपासून असणार. कुणी शेवटचं कधी तपासलं होतं असं त्यांनी विचारलं. साहेब आठवू लागले, आणि आठवता आठवता लेकीच्या जन्मापर्यंत गेले. डॉक्टर म्हणाले की छातीतच दुखलं पाहिजे असं काही नसतं. बहुतेकांना छातीत येतं, पण दुखणं जबड्यात, पाठीत, पोटाच्या वर कुठेही उमटू शकतं. बायकांमध्ये आणि साखरेच्या रोग्यांमध्ये तर पुष्कळदा नुसता दम, थकवा, घाम, मळमळ. चढताना होणं आणि थांबल्यावर जाणं ही हृदयाने आधीच दिलेली सूचना असते. ती तेव्हाच ऐकली असती तर गोळ्यांवर भागलं असतं. निदान त्या सकाळी जवळच्या इस्पितळात नेलं असतं तरी हृदयाचा बराच स्नायू वाचला असता. मेलेला स्नायू परत येत नाही. काकू वाचल्या होत्या, पण यापुढे जपून, आणि पुन्हा तसं काही झालं तर एक मिनिट घालवू नका.

साहेबांनी हे सगळं लक्ष देऊन ऐकलं. मला वाटलं, आता तरी हा माणूस गप्प होईल. तो माझा मूर्खपणा. त्यांना नवा विषय मिळाला होता.

पुढच्या हिवाळ्यात मराठी मंडळाने एका रविवारी आरोग्यावर कार्यक्रम ठेवला. कस्तुरबा गांधी मार्गावरच्या सरकारी अतिथिगृहाचा हॉल, समोर दिल्लीभरची मराठी कुटुंबं, मागे बटाटेवड्यांच्या तळणाचा वास. वक्ते कारखानीस साहेब, विषय "हृदयविकार: एका कुटुंबाचा अनुभव". ते स्वतः मंडळाच्या लोकांबरोबर आधीच पुढे गेले होते. काकूंना मी माझ्या गाडीतून आणलं. त्या बऱ्याच वाळल्या होत्या. हॉलच्या पायऱ्या चढताना दोनदा थांबल्या, पण त्यांना यायचंच होतं. मला वाटतं, आपल्याबद्दल चार लोकांत काय बोललं जातं ते त्यांना ऐकायचं होतं.

साहेब छान बोलले. हे कबूल करायला त्रास होतो, पण बोलले छान. डावीकडे वगैरे सगळं गेलं होतं. जबडा, पाठ, घाम, दम, मळमळ, एकेक लक्षण त्यांनी असं सांगितलं जणू त्यांनीच ते शोधून काढलं होतं. चाळिशीनंतर साखर आणि रक्तदाब दरवर्षी तपासा, बायकांचाही तपासा. तंबाखू सोडा, रोज चाला, आणि घरातल्या सगळ्यांनी एकच जेवण जेवा. लक्षण दिसलं की कुणाला विचारत बसू नका, उठा आणि जवळच्या इस्पितळात जा. एकही शब्द चुकीचा नव्हता. पूल, रांग आणि चिठ्ठी मात्र भाषणात आली नाहीत. तिथे नुसतं "आम्ही तातडीने हालचाल केली" असं होतं. काकूंना त्यांनी जागेवर उभं केलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मग प्रश्नोत्तरं सुरू झाली. एका तरुण मुलीने उठून विचारलं की काकूंनाच विचारायचं आहे, त्यांना सगळ्यात आधी काय जाणवलं. काकूंनी एकदा साहेबांकडे पाहिलं. मग बसूनच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "पहिलं जाणवलं ते हे, की यांना सांगून उपयोग नाही."

हॉल हसला. बायका जास्त हसल्या आणि लवकर थांबल्या. साहेबही हसले. मग त्यांनी हात वर करून लोकांना शांत केलं आणि म्हणाले, "हाच तो महत्त्वाचा मुद्दा. पेशंट लक्षणं लपवतात. घरच्यांनी सावध राहायला हवं." पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थाने मान डोलावली. मी साहेबांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. मला वाटलं होतं की ते वेड पांघरताहेत. तसं नव्हतं. त्यांना खरोखर मुद्दाच ऐकू आला होता, बायको ऐकू आली नव्हती.

पुढचा प्रश्न तेलावर होता आणि साहेबांनी उत्तर लांबवलं. तेवढ्यात काकूंनी माझ्या मनगटावर हात ठेवला. हात गार आणि ओला होता. "रेवती, गाडी कुठे लावलीस?" मी त्यांच्याकडे पाहिलं. वरच्या ओठावर घाम, चेहरा पांढरा. "जबडा," त्या म्हणाल्या, "आणि पाठ. तेव्हासारखंच." मी त्यांच्या पर्समधली गोळी काढून जिभेखाली ठेवायला दिली आणि म्हटलं, काकांना सांगते. त्यांनी हात सोडला नाही.

"नको. त्यांना सांगितलं की ते आधी सगळ्यांना समजावून सांगतील."

त्या दिवशी आम्ही वेळेत पोचलो. मोठं इस्पितळ जवळ होतं, रविवारचे रस्ते मोकळे होते. तिथल्या डॉक्टरांनी या वेळी स्नायूला धक्का लागू दिला नाही. भोपाळहून लेक आली आणि काकूंना बरं वाटल्यावर आपल्याकडे घेऊन गेली. काकू पुढे तिच्याकडेच राहिल्या, सकाळी नातवाबरोबर तळ्याकाठी फिरायला जात, आणि मला पत्रातून तिथल्या गजऱ्यांबद्दल लिहीत. माझ्या नवऱ्याची पुण्याला बदली झाली आणि महिन्याभरात आम्ही नोएडा सोडलं. त्या महिन्यात साहेबांचं दार वाजलं की मी आमचं उघडत नसे, त्यामुळे माझ्या दृष्टीने ते शेवटचे दिसले ते त्या हॉलमध्येच.

त्या रविवारी मी काकूंना हाताचा आधार देऊन उठवलं. खुर्च्यांच्या मधून आम्ही दाराकडे निघालो, सावकाश, कारण भरभर चालणं शक्य नव्हतं. बायकांनी पाय आवरून वाट दिली, एकीने काकूंची पडलेली शाल उचलून दिली. व्यासपीठावर साहेबांचं बोलणं थांबलं. मी मागे वळून पाहिलं. त्यांची नजर आमच्यावर होती, माईक हातात होता, आणि क्षणभर मला वाटलं की ते खाली उतरून येणार. त्यांनी मोकळा हात उचलला आणि तळवा खाली करून हवेत दोनदा दाबला. बसा, प्रश्नोत्तरं अजून संपलेली नाहीत.

काकूंनीही ते पाहिलं. त्यांनी शाल खांद्यावर ओढून घेतली आणि माझ्या आधी बाहेर पडल्या.